खुनी दुकानात आहे

प्लास्टर निघून महिना झाला तरी दाजी पलंग सोडेनात. डॉक्टरांनी बजावलं, असेच पडून राहिलात तर पाय कायमचा आखडेल. बायकोने विनवलं, मुलीने रडून पाहिलं, दाजी ढिम्म. शेवटी पुस्तकं बांधायचं दुकान चालवणारा मेहुणा आला आणि एक जाडजूड रहस्यकथा उशाशी टाकून गेला. जन्मात राशिभविष्यापलीकडे काही न वाचलेल्या दाजींनी कंटाळून ती उघडली, आणि मग ताट गार झालं तरी मान वर करेनात.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन खणखणला.

"गाढवा, ह्याची शेवटची पानं कुठायत?"

"शिवायची राहिली, दाजी. दुकानात आहेत. या की."

"फोनवर सांग ना, खून केला कोणी?"

"फोनवर बोललो तर तो सावध होईल!"

मेहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, म्हणजे बायकोचं अख्खं माहेर त्यात आलंच, दाजी काठी टेकत गल्लीच्या टोकाला पोचले. दुकानातल्या स्टुलावर घाम पुसत त्यांनी पानं संपवली. मग बराच वेळ ते स्वतःच्या पायाकडेच बघत राहिले.

मेहुण्याने हळूच दुसरं पुस्तक पुढे केलं. "हे पूर्ण आहे हं, दाजी. आईशप्पथ."

दाजींनी ते मागून उघडून तपासलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं.

"ह्याचाही शेवट काढून ठेव, लबाडा," ते म्हणाले. "तो न्यायला मी चालत येईन."