मिठाचा हात

"आज तरी मीठ चाखायला समोरच्या बाईंना बोलावू नका, आई," कांदा चिरता चिरता रावया सासूला म्हणाली. "काल भात अळणी. परवाची भेंडी म्हणजे नुसता समुद्र. आणि आज दालियाच्या सासरची माणसं येणार आहेत."

"होणाऱ्या सासरची," इन्साफ म्हणाली. "मुलगी अजून माझ्याच घरात आहे."

ती बटाट्याच्या चकत्या करत होती. फार पातळ नाही, नाहीतर रश्श्यात विरघळतात. फार जाड नाही, नाहीतर मधे कच्च्या राहतात. चार वाजून गेले होते. रोजा सुटायला अजून दोन तास होते, आणि तोवर दोघींनाही तोंडात काही घालता येत नव्हतं.

"जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा मोडत नाही. शेखसाहेबच सांगतात रेडिओवर."

"त्या शेखसाहेबांना म्हणावं, आधी वीस माणसांचा स्वयंपाक करा, मग सांगा." इन्साफने हात पुसले, जिन्यातलं दार उघडलं आणि समोरच्या दारावर थाप मारली. "मतील्दा! ये गं, जीभ घेऊन ये!"

शुब्रा मोहल्ल्यातल्या त्या इमारतीत ही हाक रमजानचा महिनाभर रोज चार वाजता ऐकू यायची. कित्येक वर्षं. खालचा इस्त्रीवाला म्हणे त्यावर घड्याळ लावायचा.

"आले, आले," मतील्दा चपला ओढत आली. "माझ्यावाचून तुमचा एक रमजान पार पडेल तर शपथ!"

त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा तिचा मोठा उपासही त्याच दिवसांत आला होता. तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि पुढेही मांस, तूप, दूध वर्ज्य. म्हणून इन्साफने बटाट्यांना तेलच वापरलं होतं. कोंबडी वेगळी भाजायची होती.

टोमॅटोचा रस, लसूण, मिरपूड, धणेपूड. इन्साफने भांड्यातलं सगळं ढवळलं आणि चमचा पुढे केला. मतील्दाने नेहमीसारखे डोळे मिटले, रस तोंडात घोळवला. मग डोळे उघडून तिने भांड्याकडे नाही, इन्साफच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झकास. आता हात लावू नकोस."

रावयाची सुरी थांबली.

"रावया," इन्साफ म्हणाली, "गच्चीवरचे कपडे घेऊन ये."

"वाळले नसतील अजून."

"मग वाळेपर्यंत तिथेच उभी राहा."

सून गेली. इन्साफने फळीवरची मिठाची बरणी काढली, मतील्दाच्या समोर ठेवली.

"मी अजून मीठ टाकलंच नाहीये."

मतील्दाने चमचा खाली ठेवला. स्टूल ओढून ती बसली.

"हिवाळ्यात आलेल्या त्या तापापासून," ती म्हणाली. "वासही नाही, चवही नाही. कॉफी पिते ती गरम पाणी म्हणून."

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर हाक मारली असतीस?"

इन्साफने रिकामा ट्रे पुढे ओढला.

"मुलं फोन करतात रविवारी," मतील्दा म्हणाली. "बाकीच्या दिवशी माझं नाव घेणारं या जगात दुसरं कोण आहे?"

इन्साफ ट्रेमध्ये चकत्या मांडू लागली. एकीवर एक, छपरावरच्या कौलांसारख्या. मधे कांदा, वरून रस. सगळा ट्रे भरल्यावर तिने बरणीचं झाकण काढलं.

"टाक."

"काय टाक?"

"मीठ. एकदा ओव्हनमध्ये गेला की बटाटा मीठ घेत नाही, वरच्या वर राहतं. टाक."

"डोकं फिरलंय तुझं? पाहुणे यायचेत!"

"आजवर दरवेळी काय म्हणत आलीस? 'अजून एवढं.' आणि एवढं म्हणजे किती, ते बोटांनी दाखवत आलीस. ताप जिभेला आला होता. बोटांना काय झालंय?"

"आणि बिघडलं तर?"

"तर सोयरीक मोडेल, आणि दालिया तुझ्या उरावर बसेल. टाक आता, उशीर होतोय."

मतील्दाने बरणीत हात घातला. तीन बोटांत मीठ धरलं, थोडं परत सोडलं, पुन्हा धरलं. हात ट्रेवर आणला. मग तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सहज फिरला. ट्रे आत गेल्यावर ती आपल्या घरी निघून गेली.

संध्याकाळी रोजा सुटल्याची तोफ झाली. खजूर झाले, सरबत झालं. ट्रे टेबलावर आला तेव्हा वरच्या चकत्यांच्या कडा करपायला आल्या होत्या आणि कोपऱ्यात तेल अजून चुरचुरत होतं. होणाऱ्या विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतलं. इन्साफच्या मुलाने, कोणाचं लक्ष नाही असं बघून, मिठाची डबी पुढे ओढली. रावयाने सासूकडे पाहिलं. सासू स्वतःचा घास सावकाश चावत होती.

पाहुणे फळांकडे वळले तशी इन्साफ ताटली भरून जिन्यात आली. तिने थाप मारायच्या आतच समोरचं दार उघडलं. मतील्दा दारामागेच उभी असावी.

"काय म्हणाले?"

"दोनदा घेतलं बाईंनी."

"ते शिष्टाचार झाले. मीठ कसं झालं ते सांग."

इन्साफने ताटली तिच्या हातात दिली.

"किंचित कमी पडलं," ती म्हणाली. "उद्या हात जरा सैल सोड."