रिकामं पेव

"सडक फोडू," बलभीम म्हणाला आणि त्यानं टिकाव खांद्यावर घेतला.

तेर गावच्या खालच्या गल्लीत पाणी मांडीपर्यंत आलं होतं. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. पूर्वी हे पाणी सरळ ओढ्याला जायचं. दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी नव्या सडकेचा भराव पडला आणि तेव्हापासून गल्लीचं तळं व्हायला लागलं. भरावात मोरी ठेवा म्हणून गल्लीनं सरकारी उर्दूत दोन अर्ज लिहून घेतले. अर्जाला पाय नसतात, ते ठेवले तिथंच राहिले. अकरा घरं पांढऱ्या मातीची होती. मातीच्या भिंतीला पाणी लागलं की ती खालून विरघळते आणि वरचं माळवद माणसांवर बसतं. गेल्या वर्षी एक असंच बसलं. खाली नवरा-बायको होती.

बारावं घर शांतलिंगप्पांचं. ते आडत्याचं, दगडी, उंच कट्ट्यावरचं.

"सडक सरकारी हाय, बलभीम. जेलात सडशील," शांतलिंगप्पा कट्ट्यावरून म्हणाले.

"मग भिंती पडायची वाट बघू व्हय?"

त्यावर कडूबाई बोलली. ही शांतलिंगप्पांच्या शेजारची म्हातारी. तिची सून चार दिवसांचं बाळ घेऊन घरात उतरंडीच्या ओट्यावर चढून बसली होती.

"आप्पांच्या कट्ट्यात पेव हाय की. दोन पुरुस खोल. तळाला मुरूम हाय, पाणी पिऊन टाकंल. कट्टा फोडा अन् चर काढा."

बरोबर होतं. ज्वारी साठवायचा एवढा मोठा खड्डा गल्लीत दुसरा नव्हता. सगळ्यांच्या माना वर वळल्या.

"पेव रिकामं हाय न्हवं, आप्पा?" कडूबाईनं विचारलं.

त्या पेवाबद्दल चैत्रातच बोलून झालं होतं. दोन वर्षं धड पिकलं नव्हतं. लेव्हीचा, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचा, गिरदावर येऊन घराघरातली ज्वारी मोजून घेऊन गेला होता. मग गल्लीतल्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन कट्ट्याशी आल्या. कडूबाई सगळ्यांच्या मागं उभी होती. शांतलिंगप्पांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि पेवात दाणा नाही अशी शपथ वाहिली. लिंग हातात घेतलेल्या माणसाला खोटं कोण म्हणणार? बायका आल्या तशा गेल्या. वैशाखात कडूबाईचा नातू गेला, चार वर्षांचा. तापानं गेला असं म्हणायचे. कशानं गेला ते गल्लीला ठाऊक होतं.

आणि पेवात चाळीस पोती ज्वारी होती.

शांतलिंगप्पा काही राक्षस नव्हते. आधी त्यांनी ज्वारी भाव चढेल म्हणून ठेवली, मग गिरदावराच्या भीतीनं ठेवली, मग शपथेपायी ठेवली. आता खरं सांगितलं तर बलभीम आणि बाकीचे सडक फोडायला मोकळे होते. घरं वाचली असती, ज्वारीही वाचली असती. जाणार होता तो फक्त शांतलिंगप्पांचा शब्द. पण त्या शब्दाखाली एक पोर पुरलेलं होतं.

"आत काय असंल तर आत्ता सांगा," कडूबाई पुन्हा म्हणाली. "कुणी काय बोलणार न्हाय."

पाऊस पडतच होता. शांतलिंगप्पांनी धोतराचा सोगा पिळला.

"रिकामंच हाय," ते म्हणाले. "काढा चर."

कट्ट्याचे दगड उचकटले. पेवाच्या तोंडावरची फरशी मात्र शांतलिंगप्पांनी कुणाला काढू दिली नाही. बंद पेवात जहरी वाफ असते, वाकणारा चक्कर येऊन आत पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी नाकाला उपरणं बांधलं, एकट्यानं पहार लावली आणि बाजूला झाले. पाणी आत कोसळायला लागलं. ते आवाज ऐकत उभे राहिले. दुपारी पाऊस थांबला. तिन्हीसांजेपर्यंत पाणी घोट्याखाली आलं आणि एकही भिंत पडली नाही. बायका शांतलिंगप्पांच्या पाया पडल्या. त्यांनी पाय मागं घेतले.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि गल्लीत वास सुटला, आंबूस, घशात बसणारा. उंदीर मेले असतील असं दोन दिवस म्हणून झालं. मग बलभीमनं पेवात पोहरा सोडला. वर आली ती फुगून काळी पडलेली, मोड आलेली ज्वारी.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. माणसं पोहऱ्यात डोकावून पाहत होती आणि आपापल्या घरी जात होती. शेवटी कट्ट्यापाशी कडूबाई एकटी राहिली.

"गिरदावराला कळवा," शांतलिंगप्पा म्हणाले. "मला जेल होऊ द्या."

"गिरदावराला काय कळवायचं? पेव भरताना म्या माळवदावरनं बघितलं व्हतं."

शांतलिंगप्पा कट्ट्यावरून खाली उतरले. "ठाव व्हतं? मग त्या दिशी पेवाचं नाव का काढलं?"

"तुमी खरं बोलताल म्हणून. दोनदा इचारलं, आप्पा."

तिनं पोहऱ्यातली ज्वारी मुठीत घेतली, चोळून पाहिली आणि परत टाकली.

"चैतात गिरदावरानं बी मला इचारलं व्हतं," ती म्हणाली. "म्याच सांगितलं, रिकामं हाय. म्हटलं, गावात ऱ्हायली तर कवातरी आमच्या लेकराच्या पोटात जाईल."