विटा विनाथांबा

माझी नवी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार देवघरासारखी शांत होती. स्टँडवर वर्षभर मोबाइलमध्ये मान घालून उभी असलेली मृण्मयी अशा गाडीकडे बघणार तरी कशी? मी बापू मेकॅनिकला म्हटलं, “आत दणदणीत इंजिनाचा आवाज बसवा.”

बापूंची हयात एसटी डेपोत गेलेली. त्यांनी स्पीकर लावून जगातलं सर्वात भारी इंजिन त्यात भरलं. त्यांच्या मते.

काचा खाली करून मी स्टँडवर ॲक्सिलरेटर दाबला. गाडीतून हुबेहूब एसटी घरघरली. मृण्मयीने मान वर न करताच धावत येऊन खिडकीतून माझ्या शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. मग वर पाहिलं.

“विटा, विटा, विटा!” मी ओरडलो. दुसरं काही सुचलंच नाही.

ती खो-खो हसत आत बसली. “महिलांना अर्धं तिकीट ना?”

रुमाल अजून तिथेच आहे. परवा आई बसायला आली, तर म्हटलं, “मागे बस, जागा धरलीय.”

आईने मुहूर्तच काढला.