हाकेला ओ

"योसिनाऽ, ए योसिना."

रानातून हाक आली, तशी कसावाचे कंद खणणारी डोर्सी खुरपं टाकून हसायला लागली. "जा वहिनी, नवरा बोलावतोय."

"त्याला म्हणावं, आधी दोन कंद खणून दे, मग लाड," योसिना म्हणाली आणि मान वर न करता खणत राहिली.

हाक नवऱ्याची, मेसाकची नाही, तोबीची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तोबी म्हणजे मेसाकनं पिल्लू असल्यापासून चुलीपाशी वाढवलेला काकाकुवा. फासे लावून पाखरं धरायचा धंदा मेसाकनं सोडला, तेव्हा तोबीलाही रानात सोडलं. तो गेला थव्यात, पण जाताना धन्याचा आवाज घेऊन गेला. मेसाक उंबऱ्यातून बायकोला जशी हाक मारी तशीच, घोगरी, शेवटी जरा लांबवलेली. आता थव्यातल्या आणखी दोघाचौघांनी ती उचलली होती. सेराम बेटाच्या रानात माणसांपेक्षा पाखरंच योसिनाचं नाव जास्त घेतात, असं गाव म्हणे. चर्चच्या पायरीवर बायका तिला विचारत, "काय गं, झाडावरचे नवरे काय म्हणतायत?"

आणि मेसाक रानात असला की नावानं हाक मारायचाच नाही. कुणीच मारत नाही. रानात नाव घेतलं की ओ भलतंच कुणी देतं, हे इथं आईच्या दुधाबरोबर पाजतात. तेव्हा रानातून नाव आलं की ते पाखरू. प्रश्न मिटला.

हाक पुन्हा आली. थोड्या वेळानं पुन्हा.

"आज फारच लाडात आलाय मेला," डोर्सी म्हणाली. "दादा कुठंय?"

"कनारीच्या उंच झाडावर. रान बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पाखरं दाखवायला दोरानं वर ओढतात ना, तो दोर कुजलाय म्हणे. बदलायला गेलाय पहाटेच."

तेवढ्यात थवा आला. रुंद पंख मारत, मध्येच तरंगत, कानठळ्या बसवत आला आणि बागेच्या कडेच्या माडांवर उतरला. गुलाबी झाक असलेली पांढरी पिसं उन्हात उजळली. एरवी उतरल्याबरोबर हे चोर काळ्या चोचींनी शहाळी फोडायला बसतात आणि एकटा कुणीतरी शेंड्यावरून राखण करतो. आज शहाळ्याला कुणी शिवेना. सगळ्यांचे तुरे ताठ उभे राहिले होते, एरवी झाकलेला आतला नारिंगी रंग उघडा पडला होता. भ्यालेल्या पाखराचाच तुरा असा उभा राहतो. सगळी एकमेकांना खेटून, रानाकडे तोंड करून बसली होती. हूं नाही की चूं नाही.

त्यांच्यात तोबीही होता. लहानपणी चुलीत भाजलेला त्याचा वाकडा पंजा योसिनाला खालूनही ओळखू आला. त्याची चोच मिटलेली होती.

"योसिनाऽ."

हाक रानातून आली.

योसिनानं तोबीकडे पाहिलं, मग बाकीच्या पाखरांकडे, एकेकाकडे. कुणाचीच चोच हलली नव्हती. डोर्सीचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "दादा रानात नाव घेतोय."

पण योसिना पळत सुटली होती. डोर्सी माणसं आणायला गावाकडे धावली.

काटे, मुळं, ओढा, कशाचं योसिनाला भान राहिलं नाही. थवा किंचाळत तिच्या डोक्यावरून पुढं निघून गेला. सकाळपासून मेसाक बोलावत होता आणि आपण हसत होतो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. स्वतःची किळस आली तिला.

कनारीचं झाड दिसायच्या आतच पुढून बाईचा आवाज आला.

"आले रे, आले."

योसिना जागच्या जागी थिजली. तो तिचाच आवाज होता. चुलीपुढून नवऱ्याला ती द्यायची ती ओ, तशीच जराशी वैतागलेली. तोबीनं हाकेबरोबर ओसुद्धा नेली होती आणि आज त्या ओसाठी हाक मारणारा खरा माणूस मिळाला होता.

मेसाक माडाइतक्या उंचीवर लोंबकळत होता. कमरेला आणि एका पायाला दोराचा वेढा बसला होता. पाठ जमिनीकडे, तोंड आभाळाकडे. एक हात खांद्यातून निखळून नुसताच लटकत होता. त्याच्या वरच्या फांद्यांवर थवा बसून त्याच्याकडे वाकून बघत होता. मेसाकच्या दुसऱ्या हातात सुरी होती आणि ती तो कमरेच्या दोरावर घासत होता. खाली झाडाची मुळं उभ्या फळ्यांसारखी जमिनीतून वर आली होती.

"आले रे, आले," योसिना ओरडली. दुसरं काही तोंडात आलंच नाही.

मेसाकनं मान वळवली नाही. ती वळतच नव्हती.

"पुरे कर, तोबी," वर फांदीकडे बघत तो म्हणाला. आवाज अगदी समजुतीचा होता. "सकाळपासून आले, आले चाललंय तुझं. येत कुणी नाही."

सुरी पुन्हा घासायला लागली. दोराचा एक पदर तुटून लोंबला.

"मेसाक, मी आहे. मी, योसिना."

"योसिनाऽ," वरून एक पाखरू मेसाकच्या आवाजात म्हणालं. "आले रे, आले," दुसरं तिच्या आवाजात. मेसाक कसनुसा हसला. त्याचा हात थांबला नाही.

सगळा संसार चुलीपुढं बोलून झालेला, आणि चुलीपुढं सदानकदा तोबी. त्यानं ऐकलेलं नाही असं नवऱ्याशी बोलायचं एक वाक्य योसिना शोधू लागली. एकही सापडेना.