लाइन साफ

"ही काय जागा झाली राउटर ठेवायची?" गुलाम हुसेनने फ्रिजवरचा डबा खाली ओढला. आधी त्याने बायकोची, खदीजाची, अक्कल काढली, मग केबलवाल्या रवींद्रची. "लाइन ओके हाय, चाचा," म्हणून तो दरवेळी हात झटकून जायचा. म्हणे कोर्स केलाय. डोंबलाचा कोर्स.

उभा जन्म लूम चालवलेल्या माणसाचं हा वीतभर डबा ऐकत नाही म्हणजे काय? मुलगा फरहान कतारहून दर जुम्म्याला व्हिडिओ कॉल करायचा. हवापाणी, बिर्याणी, सगळं नीट चालायचं. खदीजाने त्याच्या बहिणीच्या निकाहचा विषय काढला की नेमकं चित्र गोठायचं, आवाज जायचा. अदीबाचा निकाह पुढच्या महिन्यावर आलेला. एकुलता एक भाऊ येणार की नाही, सासरकडचे रोज विचारत होते. खदीजा काय सांगणार त्यांना, कपाळ?

मग गुलाम हुसेनने मोबाइलवर बघून बघून सगळं शिकून घेतलं. राउटर हॉलमध्ये उंचावर टांगला. अख्ख्या गल्लीचे राउटर एकाच चॅनलवर दाटीवाटीने बसलेले, मेंढरं नुसती. त्याने आपला चॅनल बदलला. सॉफ्टवेअर नवं टाकलं. अदीबाच्या मोबाइलचा स्पीड कापला आणि टीव्हीला पहिला मान दिला. "आता गोठून दाखव," तो डब्याला म्हणाला.

जुम्म्याची नमाज झाली. गल्लीतल्या लूमना सुट्टी, त्यामुळे भिंतीही हलत नव्हत्या. फरहान टीव्हीवर आला तो दाढीचा केस न् केस दिसेल असा. गुलाम हुसेनने खदीजाकडे असं बघितलं, जसं काही कतार यानेच बांधलंय.

खदीजा पुढे सरकली. "बेटा, निकाहला येतोस ना?"

फरहान गोठला. तोंड अर्धं उघडं, नजर एका जागी, आवाज बंद.

गुलाम हुसेनच्या ओठावर शिवी आली. तेवढ्यात फरहानच्या मागच्या खिडकीत एक कबुतर येऊन बसलं. त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली, पंख साफ केले आणि उडून गेलं. फरहान तसाच, तोंड उघडं ठेवून.

खदीजा मुलाच्या चेहऱ्याकडेच बघत होती. "ओ, परत काय झालं?"

गुलाम हुसेनने टीव्ही बंद केला. रिमोट हातातच राहिला.

"मला काय येतं गो त्यातलं," तो म्हणाला. "माझीच सेटिंग चुकली."