लसूण-मेथीच्या पस्तीस पुड्या

काट्यावर गप बसेल तो बटेर कसला! करिश्मानं त्याला तिसऱ्यांदा टोपलीत कोंबलं, वर रुमाल टाकला आणि घाईघाईनं आकडा वाचला. “दोनशे दहा.”

शेखरनं वहीत लिहिलं. तेल्हाऱ्याजवळच्या त्याच्या शेडमध्ये दोन खुराडी, प्रत्येकात पन्नास बटेर. उजव्यांच्या खाद्यात पस्तीस दिवस लसूण-मेथीची पावडर, डाव्यांना नुसतं खाद्य. एवढाच प्रयोग. पण अकोल्याला पशुवैद्यकीचं शिकणाऱ्या करिश्माचा सगळा जीव त्यात अडकलेला. सरांनी बजावलं होतं, दोन्हींत फरक दिसला नाही तर विषय सोडायचा. म्हणजे वर्ष पाण्यात!

खाद्य घालायचं काम शेखरच्या आईकडं होतं. माणिकबाई कामाला चोख. रोज एक पुडी फोडायची, रिकामा कागद खिळ्याला टोचून ठेवायचा. करिश्मानं आल्याआल्या कागद मोजले. बरोबर पस्तीस.

“एकही दिवस चुकला नाही ना, काकू?”

“चुकते कशी? लेकरायले जेवू घालाले कोनी इसरते काय?”

उजव्यांची सरासरी निघाली दोनशे आठ ग्रॅम. शेखर उडालाच. “मॅडम, माह्ये बटेर आजवर एकशे ऐंशीच्या वर गेले नाईत. जमलं ना बाप्पा!”

“थांबा हो, डावे राहिलेत अजून,” करिश्मा म्हणाली. पण गालातलं हसू काही लपेना.

डावे भरले दोनशे सात.

तिनं पुन्हा मोजले. शेखर पळत जाऊन किराणा दुकानातला काटा घेऊन आला. त्यावरही दोनशे सात. करिश्मा पोत्यावर मटकन बसली.

“पावडर घातली काय, नाही घातली काय, सारखंच. गेलं माझं वर्ष.” तिचे डोळे भरून आले.

“यंदा हवा चांगली होती, मॅडम. म्हनून सारेच भरले असतीन,” शेखर म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

माणिकबाईंनी दोन ताटं आणली. “पहिले जेव, पोरी.” तिच्या भाकरीवर त्यांनी तेलाची धार सोडली, तशीच शेखरच्याही.

“मले कावून वं माय? मी कुठं रडून राहिलो?”

“चूप बस. जेव.”

करिश्मानं घास मोडला आणि तसाच हातात धरला. “काकू, डाव्यांना तुम्ही नेमकं काय घालत होता?”

“आता घ्या! एका छपराखाली पंगत बसवाची, अन् एकाले वाढून दुसऱ्याले नाई म्हनाचं? असं पाप माह्या हातानं नाई होत, बाई. पुडी फोडली का रोज अर्धी इकडं, अर्धी तिकडं.”