निरोपाचा पुलाव

ताश्कंदच्या त्या ऑफिसात एकच नियम सगळे मनापासून पाळत: सॉफ्टवेअर कोलमडलं, की खापर नोकरी सोडून गेलेल्याच्या माथी फोडायचं. गेलेला माणूस उलटून बोलत नाही. ही रीत पाडली फर्रुखनंच, आणि आज निरोप त्याचाच होता.

काय तो थाट! अंगणात कढईभर पुलाव शिजला. ऑफिस सांभाळणाऱ्या मावलुदानं स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर मानाचा जरीचा झगा चढवला. परवा शेजारच्या टेबलावरच्या झोकिरच्या घोळामुळं एका बँकेचं ॲप दिवसभर बंद पडलं होतं, पण आज त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. खुद्द झोकिर तर डोळे पुसत होता. एरवी हा पठ्ठ्या सलामालासुद्धा मान वर करायचा नाही.

फर्रुखला भरून आलं. एवढा जीव लावणारी माणसं सोडून परक्यांत कशाला मरायला जायचं?

"ठरलं!" तो उठून म्हणाला. "राजीनामा मागं घेतो मी. कुठं जात नाही!"

एकही टाळी पडली नाही. झोकिरचे डोळे क्षणात कोरडे झाले. मावलुदा साहेबांकडे बघायला लागली आणि साहेब पुलावाकडे.

"अहो फर्रुखभाई, असं काय करता!" शेवटी मावलुदाच कळवळून म्हणाली,

 

"सकाळीच बँकेला कळवलंय आम्ही, की तुमचं ॲप ज्यानं पाडलं, त्याला आजच हाकलतोय!"